जुन्या आज्ञावली आणि नवे संगणक

शाळेच्या जनरल रजिस्टरात लिहिलेली जन्मतारीख माणसाची पाठ आयुष्यभर सोडत नाही. नोकरी, पासपोर्ट, निवृत्तिवेतन, जातीचा दाखला यांपैकी कोणत्याही कामासाठी शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत हवी असली, म्हणजे त्या रजिस्टराचेच पान उघडावे लागते. इ. स. १९९० च्या सुमारास आपल्या देशातील अनेक शाळा, ग्रंथालये व कचेऱ्या यांनी अशी रजिस्टरे संगणकावर उतरविण्यास प्रारंभ केला. समजा, अशाच एखाद्या शाळेच्या कागदी रजिस्टरास पुढे वाळवी लागली आणि मागे उरली ती केवळ एक फ्लॉपी. फ्लॉपीवरील फाईल शाबूत आहे. परंतु नव्या संगणकावर ती उघडू जाता पडद्यावर अर्थहीन चिन्हांच्या ओळी उमटतात, आणि ज्या आज्ञावलीने ती लिहिली ती आज्ञावली मुळी सुरूच होत नाही. माहिती नष्ट झालेली नाही आणि तरीही ती वाचता येत नाही, अशी ही मोठी चमत्कारिक अवस्था होय.

मराठी वाचकास ही अवस्था अगदीच अपरिचित नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे जतन करून ठेवलेले आहेत. कागद टिकला, शाई टिकली. उणीव आहे ती वाचणाऱ्याची. फरक इतकाच की, मोडी वाचणारे दुर्मिळ होण्यास काही पिढ्या जाव्या लागल्या. संगणकाच्या फाईलीवर तीच पाळी वीस-पंचवीस वर्षांत येते.

या प्रश्नाचा विचार करताना तीन गोष्टींची गल्लत होऊ देता कामा नये. पहिली गोष्ट फाईल, म्हणजे प्रत्यक्ष माहिती. दुसरी आज्ञावली, म्हणजे ती माहिती लिहिणारे, शोधणारे व छापणारे साधन. तिसरी गोष्ट म्हणजे यंत्र आणि त्यावरील कार्यप्रणाली. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुन्या होत नाहीत. यंत्र सर्वांत आधी बाद होते, आज्ञावली त्याच्या मागोमाग जाते, आणि फाईल मात्र तिची नक्कल करीत राहिल्यास कितीही काळ जशीच्या तशी राहू शकते. ‘जुना संगणक बंद पडला, आता सारे गेले’ असे जे म्हटले जाते, ते पुष्कळदा या गल्लतीमुळेच म्हटले जाते.

आज्ञावली चालत नाही याचे कारण

संगणकाची आज्ञावली ही शेवटी प्रोसेसरला दिलेल्या आज्ञांची मालिका असते. इंटेल कंपनीचा ८०८६ हा प्रोसेसर १९७८ मध्ये निघाला. तो एका वेळी १६ बिटांची संख्या हाताळीत असे. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमध्ये त्याचाच भाऊबंद असलेला ८०८८ हा प्रोसेसर बसविलेला होता, आणि त्यावर डॉस ही कार्यप्रणाली चालत असे. वर्डस्टार, लोटस १-२-३, डीबेस ही त्या काळातील प्रसिद्ध नावे याच कुटुंबातील होत. वर्डस्टारवर पत्रे लिहावीत, लोटसवर हिशेब मांडावेत आणि डीबेसमध्ये नोंदी ठेवाव्यात, अशी त्या वेळच्या कचेऱ्यांची रीत होती.

१९८५ मध्ये ८०३८६ हा ३२ बिटांचा प्रोसेसर आला. त्याच्या रचनाकारांनी जुन्या गिऱ्हाइकांची सोय ध्यानी घेऊन त्यात एक विशेष अवस्था ठेवली होती. त्या अवस्थेत तो प्रोसेसर जुन्या ८०८६ चे सोंग हुबेहूब वठवीत असे. त्यामुळे विंडोज या कार्यप्रणालीच्या ३२ बिटी आवृत्त्यांवर डॉसच्या आज्ञावली पुढे कितीतरी वर्षे चालत राहिल्या. २००३ मध्ये एएमडी कंपनीने या कुटुंबातील ६४ बिटांचे प्रोसेसर बाजारात आणले. ६४ बिटांच्या अवस्थेत काम चालू असता ही सोंगाची अवस्था उपलब्ध नसते. सबब विंडोजच्या ६४ बिटी आवृत्त्यांतून १६ बिटी आज्ञावलींचा आधार काढून टाकण्यात आला. २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ ही आवृत्ती तर केवळ ६४ बिटीच आहे. ‘ही आज्ञावली या संगणकावर चालू शकत नाही’ अशी जी सूचना पडद्यावर येते तिचा अर्थ एवढाच. ती वाचून फाईल बिघडली असा निष्कर्ष काढणे चुकीचे होय.

सोंगातले सोंग

प्रोसेसरने सोडून दिलेले हे सोंग आता दुसऱ्या आज्ञावलीकडून वठवून घेता येते. अशा आज्ञावलीस एम्युलेटर म्हणतात. ती जुन्या प्रोसेसरची प्रत्येक आज्ञा वाचते, तिचा अर्थ लावते आणि नव्या प्रोसेसरकडून तेच काम करवून घेते. एखादा दुभाष्या वाक्यागणिक भाषांतर करीत जावा तसे. दुभाष्यामुळे वेळ अधिक लागतो हे खरे, परंतु आजचा संगणक १९९० च्या संगणकाहून इतका वेगवान आहे की, हा विलंब कोणाच्या लक्षातही येत नाही.

डॉसबॉक्स हा या प्रकारचा प्रसिद्ध एम्युलेटर २००२ पासून विनामूल्य मिळतो. परंतु तो मुळात जुने खेळ चालविण्यासाठी रचलेला आहे, आणि खेळणाऱ्यास दाखला छापावयाचा नसतो! कचेरीच्या कामासाठी त्यावरूनच निघालेली डॉसबॉक्स-एक्स व व्हीडॉस ही रूपे अधिक उपयोगी पडतात. दुसरा मार्ग म्हणजे आभासी यंत्र तयार करून त्यावर पूर्ण कार्यप्रणालीच बसविणे. त्यासाठी जुन्या डॉसची प्रत नसली तरी अडत नाही. १९९४ मध्ये जिम हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने सुरू केलेल्या उपक्रमातून निर्माण झालेली फ्रीडॉस ही कार्यप्रणाली सर्वांना खुली आहे.

वेग हा गुणच असतो असे मात्र नाही. टर्बो पास्कल या भाषेत लिहिलेल्या अनेक आज्ञावली वेगवान यंत्रावर सुरू होताक्षणीच ‘शून्याने भागाकार’ अशी चूक दाखवून बंद पडत. त्याचे कारण मनोरंजक आहे. अशा आज्ञावलीस थोडा वेळ थांबण्याची गरज पडे. आणि आपण किती वेगवान यंत्रावर आहोत हे अजमावण्यासाठी ती प्रारंभी एक निरर्थक गणती करीत असे. जुन्या पीसीचे घड्याळ सेकंदास सुमारे १८·२ ठोके देते, म्हणजे एका ठोक्याचा काळ सुमारे ५५ सहस्रांश सेकंद. एका ठोक्यात किती फेऱ्या झाल्या ते मोजावयाचे आणि त्या संख्येस ५५ ने भागावयाचे, अशी ती रीत. भागाकार १६ बिटांत मावला पाहिजे, म्हणजे तो ६५,५३५ पेक्षा मोठा असता कामा नये. ६५,५३५ ला ५५ ने गुणल्यास ३६,०४,४२५ येतात. फेऱ्यांची संख्या ३६ लाखांच्या पलीकडे गेली की भागाकार मावेनासा होतो, आणि प्रोसेसर जी हरकत घेतो तीच शून्याने भागल्यावरही घेतली जात असल्यामुळे आज्ञावलीचा गैरसमज होतो. आज्ञावली लिहिणाऱ्याने भाजक म्हणून शून्य कोठेही वापरलेले नव्हते. एम्युलेटरमध्ये प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी ठेवता येतो. तो कमी केला की ही चूक नाहीशी होते.

छपाईची अडचण निराळी आहे. डॉसच्या काळातील आज्ञावली प्रिंटरकडे अक्षरांचे संकेत सरळ पाठवीत आणि अक्षरे बारीक वा ठळक करण्यासाठी २७ या संकेताने सुरू होणाऱ्या गुप्त खुणा त्यांत पेरीत. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला त्या समजत. आजचे पुष्कळसे स्वस्त प्रिंटर मात्र संपूर्ण पानाचे तयार चित्रच मागतात. यावर सोपा उपाय असा की, प्रिंटरऐवजी फाईलीत छापावे. डीबेसमध्ये अहवाल कागदाऐवजी फाईलीत उतरविण्याची सोय आहे. ती साध्या मजकुराची फाईल नव्या संगणकावर कोणत्याही लेखन-आज्ञावलीत उघडून छापता येते.

डीबेसच्या फाईलीची रचना

आज्ञावली चालू करता आली तर उत्तमच. परंतु ती मिळालीच नाही तरी निराश होण्याचे कारण नाही. डीबेसच्या फाईलीची रचना इतकी सरळ आहे की, शाळेतील मुलालाही ती कागद-पेन्सिल घेऊन उलगडता यावी. वेन रॅटलिफ यांच्या मूळ आज्ञावलीवरून ॲश्टन-टेट या अमेरिकन कंपनीने डीबेस बाजारात आणले. त्याची तिसरी आवृत्ती १९८४ मध्ये निघाली, आणि तिची फाईल-पद्धती पुढे क्लिपर, फॉक्सप्रो इत्यादी प्रतिस्पर्ध्यांनीही उचलली. फॉक्सप्रो १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेले, त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००४ मध्ये निघाली व तिचा आधार जानेवारी २०१५ मध्ये संपला. आज्ञावली गेल्या, फाईल-पद्धती मात्र अद्याप जिवंत आहे.

वर उल्लेखिलेल्या शाळेच्या रजिस्टराचेच उदाहरण घेऊ. त्यात पाच रकाने आहेत: नोंदणी क्रमांक ६ अक्षरांचा, नाव ५० अक्षरांचे, जन्मतारीख ८ अक्षरांची, प्रवेशाची तारीख ८ अक्षरांची, आणि शेरा. शेरा कितीही लांब असू शकतो म्हणून तो दुसऱ्या फाईलीत राहतो व येथे त्याचा १० अक्षरांचा पत्ता तेवढा लिहिला जातो. प्रत्येक नोंदीच्या आरंभी एक जादा अक्षर असते. त्याविषयी पुढे सांगितले आहे. म्हणजे एका नोंदीची लांबी १ + ६ + ५० + ८ + ८ + १० = ८३ बाइट झाली. नाव आखूड असले तरी उरलेली जागा कोऱ्या अक्षरांनी भरली जाते. सबब प्रत्येक नोंद बरोबर ८३ बाइटांचीच असते.

नोंदींच्या आधी शीर्षभाग असतो. त्याचे पहिले ३२ बाइट संपूर्ण फाईलीविषयी असतात, नंतर प्रत्येक रकान्यासाठी ३२ बाइटांचे वर्णन असते, आणि शेवटी समाप्तीची एक खूण. पाच रकान्यांसाठी ३२ + १६० + १ = १९३ बाइट झाले. पहिला बाइट पद्धतीची ओळख देतो: शेऱ्यासारखा रकाना नसल्यास ३, असल्यास १३१. पुढील तीन बाइटांत फाईल शेवटी कधी बदलली ती तारीख, आणि त्यापुढील चार बाइटांत नोंदींची एकूण संख्या. ही संख्या उलट क्रमाने लिहिलेली असते, म्हणजे लहान स्थान आधी. तेथे ११२, २३, ०, ० असे बाइट दिसले तर २३ ला २५६ ने गुणून त्यात ११२ मिळवावेत. उत्तर ६,००० येईल. त्यापुढे शीर्षभागाची लांबी, १९३, आणि नोंदीची लांबी, ८३, याच पद्धतीने दोन-दोन बाइटांत लिहिलेली असते.

आता हजारावी नोंद शोधावयाची आहे. तिच्या आधी शीर्षभाग आणि ९९९ नोंदी असणार: १९३ + ९९९ × ८३ = ८३,११०. इतके बाइट सोडले की हजारावी नोंद सुरू झालीच पाहिजे. त्या नोंदीत जादा अक्षर, क्रमांक व नाव मिळून ५७ बाइट सोडले, म्हणजे ८३,१६७ व्या बाइटानंतरची आठ अक्षरे ही त्या विद्यार्थ्याची जन्मतारीख होय. तेथे १९८१०३०७ असे असेल तर ती तारीख ७ मार्च १९८१. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, अशी ही मांडणी असल्यामुळे तीत संदिग्धता नाही. तीच तारीख ०७/०३/८१ अशी लिहिली असती तर महिना कोणता आणि दिवस कोणता यावर वाद माजला असता.

आरंभीच्या जादा अक्षराचे काम मोठे नाजूक आहे. नोंद चालू असेल तर तेथे कोरी जागा असते; नोंद रद्द केली असेल तर तारका. डीबेसमध्ये नोंद रद्द करणे म्हणजे तीवर तारका ठेवणे, एवढेच. ‘पॅक’ ही आज्ञा देईपर्यंत ती नोंद फाईलीतून प्रत्यक्ष जात नाही. याचे दोन परिणाम होतात. चुकून रद्द केलेली नोंद वर्षानुवर्षांनंतरही परत मिळू शकते, हा लाभ. आणि तारकेकडे लक्ष न देणाऱ्या आज्ञावलीने फाईल उतरविली तर पूर्वी जाणूनबुजून रद्द केलेल्या नोंदी पुन्हा जिवंत होऊन रजिस्टरात येऊन बसतात, हा धोका.

शेऱ्याची फाईलही विसरता कामा नये. तिचे मूळ नाव तेच असते, शेपूट मात्र ‘डीबीटी’ असे असते. मुख्य फाईलीचे ‘डीबीएफ’. पुष्कळदा नक्कल करणारा मुख्य फाईल तेवढी उचलतो आणि शेरे कायमचे मागे राहतात. मुख्य फाईलीत दिसतो तो फक्त ५१२ बाइटांच्या कप्प्याचा क्रमांक. अनुक्रमणिकेच्या फाईली मात्र हरवल्या तरी चिंता नाही. त्या मूळ फाईलीवरून पुन्हा तयार करता येतात.

शतकाचा फरक

एम्युलेटरमध्ये डीबेस थ्री प्लस उत्तम चालते हे पाहून त्यातच नव्या नोंदी करीत राहण्याचा मोह पडतो. येथे सावध राहणे अवश्य आहे. फाईलीत वर्ष चार आकडी असले तरी पडद्यावर ही आज्ञावली एरवी दोनच आकडे दाखविते आणि घेते, व त्यापूर्वी १९ हे शतक गृहीत धरते. २०१९ साली जन्मलेल्या बालकाची तारीख १९ या वर्षाने भरली, तर फाईलीत १९१९ नोंदले जाते. आज्ञावली कोणतीही हरकत घेत नाही, कारण तिच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते. पडद्यावर पुन्हा १९ च दिसते. चूक उघडकीस येते ती दाखला छापल्यावर, किंवा त्याहूनही उशिरा. ‘सेट सेंच्युरी ऑन’ ही आज्ञा दिली की चारही आकडे दिसू लागतात. ती सोय असूनही, जुनी आज्ञावली जुन्या नोंदी वाचण्यासाठी व पडताळण्यासाठी ठेवावी आणि नव्या नोंदी नव्या आज्ञावलीत कराव्यात, हेच अधिक शहाणपणाचे.

लोटस १-२-३ ची तऱ्हा आणखी वेगळी. १९८३ मध्ये आलेली ही आज्ञावली १ जानेवारी १९०० पासून दिवस मोजते. परंतु १९०० हे लीप वर्ष नसता तिने ते लीप वर्ष धरले. त्यामुळे तिच्या गणतीत ६० वा दिवस हा २९ फेब्रुवारी १९००, म्हणजे कधीही न उगवलेला दिवस ठरतो. एक्सेलने लोटसच्या फाईली जुळाव्यात म्हणून ही चूकही जशीच्या तशी स्वीकारली, आणि ती आजही तेथे आहे. १ मार्च १९०० नंतरच्या तारखांना तिची बाधा होत नाही, म्हणून शाळेच्या कामात ती सहसा जाणवत नाही.

अक्षरांचा घोटाळा

इंग्रजी मजकुरासाठी १२८ संकेत पुरतात, आणि त्यांना सात बिट लागतात. बाइटात आठ बिट असल्यामुळे एक बिट उरतो. या उरलेल्या बिटाचा उपयोग ज्याने त्याने आपापल्या बुद्धीप्रमाणे केला, आणि सारा घोटाळा तेथूनच सुरू झाला.

१९७८ मध्ये निघालेल्या वर्डस्टारने आपल्या दस्तऐवजांत प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर हा बिट चढविला. ओळी दोन्ही कडांना सारख्या बसविताना शब्द कोठे संपतो ते त्यास त्यावरून कळे. इंग्रजी ‘डी’ या लहान अक्षराचा संकेत १००; शब्दाच्या शेवटी आले की तोच १०० + १२८ = २२८ होतो. आज अशी फाईल उघडली असता प्रत्येक शब्दाचे शेपूट विचित्र दिसते. १२७ हून मोठ्या प्रत्येक संकेतातून १२८ वजा केले की मजकूर पूर्ववत होतो.

परंतु हाच उपाय देवनागरी फाईलीवर केला तर तिचा सत्यानाश होईल. भारतीय लिप्यांसाठी सिद्ध केलेल्या इस्की या संकेतपद्धतीचे १९९१ चे भारतीय मानक १२८ च्या वरील जागाच आपल्या अक्षरांसाठी वापरते. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचे जिस्ट कार्ड संगणकात बसविले की डॉसच्या आज्ञावलींतही देवनागरी लिहिता येत असे. अशा फाईलीत ‘क’ चा संकेत १७९ असतो. आजच्या युनिकोड पद्धतीत तो २३२५ आहे; फरक २१४६. ‘ख’ १८० चा २३२६, पुन्हा तोच फरक. ‘य’ पर्यंत हा फरक कायम राहतो. ‘य’ नंतर मात्र इस्कीमध्ये खाली टिंब असलेला ‘य़’ बसविलेला आहे आणि युनिकोडमध्ये त्याची जागा दुसरीकडे आहे. म्हणून ‘र’ पासून ‘ह’ पर्यंत फरक २१४५ होतो. ही एक पायरी ज्याने सांभाळली नाही त्याच्या रूपांतरात ‘राम’ चा पहिलाच वर्ण बदलून जाईल. एरवी हे काम सोपे आहे, कारण दोन्ही पद्धती अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवितात: ‘कि’ लिहिताना आधी ‘क’, मग वेलांटी.

याउलट फॉन्टच्या भरवशावर लिहिलेल्या मजकुराची अवस्था फार बिकट. १९९० नंतर छपाईच्या कामासाठी निरनिराळ्या कंपन्यांनी आपापले मराठी फॉन्ट काढले. त्यांत इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरी आकार बसविलेले होते: कोठे अर्धा ‘क’, कोठे काना, कोठे सुटी वेलांटी. वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून ती साठविलीही आधीच जाते. फॉन्ट काढून घेतला की मागे इंग्रजी अक्षरांची खिचडी उरते. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा. त्यामुळे फॉन्टचे नाव ठाऊक असल्याशिवाय रूपांतर करता येत नाही. डीबेसच्या फाईलीत तर फॉन्टचे नाव लिहिलेलेच नसते. अशा वेळी त्या काळी छापलेला एखादा कागद हाती लागला तर त्याचे मोल फार आहे. छापील नाव आणि फाईलीतील खिचडी समोरासमोर ठेवून एकेका आकाराचा संकेत ठरविता येतो.

ग्रंथालयांची वाट

ग्रंथालयांना एक मार्ग आधीच आखून मिळाला होता. युनेस्कोने १९८५ मध्ये लहान संगणकांसाठी सीडीएस/आयसिस ही आज्ञावली काढली, आणि भारतात निस्सॅट या राष्ट्रीय योजनेमार्फत तिचा प्रसार झाला. तिची अंतर्गत रचना डीबेसइतकी उघड नाही. परंतु तीत नोंदी ‘आयएसओ २७०९’ या आंतरराष्ट्रीय पद्धतीने बाहेर काढण्याची सोय प्रथमपासून आहे. या पद्धतीत प्रत्येक नोंद २४ अक्षरांच्या पाटीने सुरू होते व पाटीची पहिली पाच अक्षरे नोंदीची लांबी सांगतात. पाटीनंतर सूची येते, आणि सूचीतील प्रत्येक बाब १२ अक्षरांची असते. तेथे ०२४००४७०००१३ असे दिसल्यास त्याचे तीन तुकडे करावेत: ०२४ हा रकान्याचा क्रमांक, ००४७ ही त्याची लांबी, आणि ०००१३ हे तो कोठे सुरू होतो ते स्थान. कोहासारख्या आजच्या ग्रंथालय-आज्ञावलींनाही ही पद्धती समजते. फक्त जुन्या रकान्यांचे क्रमांक नव्या क्रमांकांशी जुळवून द्यावे लागतात.

प्रत्यक्ष कामाचा क्रम

आरंभ फ्लॉपीपासून करावा, कारण चुंबकीय थर दिवसेंदिवस क्षीण होत असतो. फ्लॉपी आत घालण्यापूर्वी तीवर लिहिणे बंद करावे: ३½ इंची फ्लॉपीची खिडकी उघडी ठेवून, ५¼ इंची फ्लॉपीची खाच चिकटपट्टीने झाकून. ३½ इंची फ्लॉपी वाचणारे यंत्र यूएसबीला जोडता येते. ५¼ इंची फ्लॉपीसाठी बहुधा जुना संगणक शोधावा लागतो. सुट्या फाईलींपेक्षा संपूर्ण फ्लॉपीचीच प्रतिमा घ्यावी आणि यापुढील सर्व प्रयोग तिच्या नकलेवर करावेत. जुना संगणक वापरावा लागल्यास तो इंटरनेटला जोडू नये.

डीबीएफ फाईल लिबरऑफिससारख्या विनामूल्य आज्ञावलीत थेट उघडते. ती न उघडता डीबेसमधूनच स्वल्पविरामांनी विभागलेली साधी फाईल काढली, तर शेऱ्यांचा रकाना तीत उतरत नाही, हे ध्यानात असावे. शिवाय अशी फाईल हिशेबाच्या तक्त्यात उघडताना त्या आज्ञावलीचा अतिउत्साह आड येतो: ०००४१७ हा नोंदणी क्रमांक ती संख्या समजते आणि त्याचा ४१७ करून टाकते. तेव्हा रकाना ‘मजकूर’ आहे असे तिला उघडतानाच बजावून सांगावे.

डीबेसची प्रत कोठून आणावी, हाही प्रश्न येतो. आज्ञावलीची विक्री बंद झाली म्हणजे तिचा स्वामित्वहक्क संपला असे होत नाही. ज्याच्यापाशी आज्ञावलीची कायदेशीर प्रत आहे त्यास ती नष्ट होऊ नये म्हणून राखीव नक्कल करण्याची मुभा भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील आजच्या तरतुदींत आहे. शाळेच्या कपाटात जुन्या आज्ञावलीच्या मूळ फ्लॉप्या असतील तर त्या रद्दीत टाकू नयेत, त्यांचीही प्रतिमा घ्यावी.

रूपांतर झाल्यावर पडताळा घ्यावा. प्रथम शीर्षभागातील संख्या आणि नव्या फाईलीतील नोंदींची संख्या जुळवावी. फरक आल्यास तो तारकांच्या नोंदींइतकाच आहे का ते पाहावे. त्यानंतर फाईलीच्या आरंभीच्या, मधल्या आणि शेवटच्या काही नोंदी घेऊन शाळेने पूर्वी दिलेल्या दाखल्यांच्या कार्बन प्रतींशी त्या अक्षरशः ताडून पाहाव्यात. जोडाक्षरे, रफार आणि पोटफोड्या ‘ष’ असलेली नावे मुद्दाम निवडावीत, कारण रूपांतराचा तक्ता चुकलेला असल्यास तो बहुधा तेथेच चुकतो. हे झाले की नव्या फाईलीशेजारी साध्या मजकुराची एक छोटी फाईल ठेवावी आणि तीत प्रत्येक रकान्याचे नाव, त्याची लांबी, तारीख लिहिण्याची पद्धत, मूळ अक्षरसंकेत कोणता होता आणि रूपांतर कोणत्या दिवशी कोणत्या आज्ञावलीने केले, हे मराठीत लिहून ठेवावे. मूळ डीबीएफ व डीबीटी फाईलीही त्याच ठिकाणी, न उघडता, राहू द्याव्यात.